लेहमध्ये सकाळी शस्त्रक्रिया, संध्याकाळी सुट्टी

पित्ताशय दुर्बिणीतून काढून रुग्णाला त्याच दिवशी घरी सोडणं पुण्या-मुंबईत आता नवं नाही. मी भूलतज्ज्ञ म्हणून काम करते ते लेहमध्ये, सुमारे ३,५०० मीटरवर. इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश. धडधाकट माणसाच्या बोटाला लावलेलं ऑक्सिमीटरही रक्तातला ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या आसपास दाखवतं. म्हणून सुट्टी देताना मी ९८चा हट्ट धरत नाही. शस्त्रक्रियेआधीचा आकडा ऑक्सिजन न लावता परत आला का, ते पाहते.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात. त्याचा दाब कमी ठेवला की श्वासावरचा ताण कमी होतो, नंतर खांदाही कमी दुखतो. उंचीवर अनेकांचं रक्त दाट असतं. गुठळी होऊ नये म्हणून रुग्णाला लवकर चालवतो. गुंगी आणणारी वेदनाशामकं शक्यतो टाळतो, कारण झोपेत ऑक्सिजन आणखी उतरतो.

नुब्रा खोऱ्यातल्या रुग्णाला घरी जायला ५,३५९ मीटरवरची खारदुंग ला ही खिंड ओलांडावी लागते. त्याने ती रात्र लेहमध्येच, नातेवाइकांकडे काढावी. उलट्या, ताप, वाढती पोटदुखी किंवा पिवळे डोळे दिसले, तर लगेच रुग्णालय गाठता यायला हवं. तशी सोय नसेल, तर मी त्याला वॉर्डातच ठेवून घेते.