फ्लिंटचे पाणी आणि पाद्र्यांचा दावा

अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहराने एप्रिल 2014 मध्ये पैसे वाचवण्यासाठी डेट्रॉइटऐवजी फ्लिंट नदीचे पाणी घेतले. त्यात गंजरोधक रसायन न मिसळल्याने जुन्या वाहिन्यांतले शिसे घराघरांत पोहोचले. चर्च, मशिदी आणि मुस्लिम मदतसंस्थांनी बाटलीबंद पाणी वाटले. गरज भागली; दुखणे तसेच राहिले. खरे मोलाचे काम न्यायालयात झाले. ‘कन्सर्न्ड पास्टर्स फॉर सोशल ॲक्शन’ या पाद्र्यांच्या संघटनेने पर्यावरण व नागरी हक्क संस्थांसह 2016 मध्ये दावा लावला. मार्च 2017 च्या तडजोडीनुसार किमान 18,000 घरांच्या नळजोडण्या तपासून शिशाच्या व गॅल्वनाइज्ड वाहिन्या सरकारी खर्चाने बदलणे बंधनकारक झाले. 2020 ची मुदत मात्र हुकली. काम 2025 पर्यंत रेंगाळले.