जुन्या भिंती, नवे नाट्यगृह

कोल्हापूरच्या संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहास ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली आणि छप्पर, रंगमंच व आसने भस्मसात झाली. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेली ही वास्तू १९१५ मध्ये ‘पॅलेस थिएटर’ या नावाने पूर्ण झाली. नामांकित नाटक मंडळ्यांप्रमाणेच शहरातील हौशी नाट्यसंस्थांचेही ते हक्काचे घर होते. राज्य शासनाच्या निधीतून महानगरपालिकेने तिची पुनर्बांधणी हाती घेतली.

‘होते तसेच उभारा’ ही रसिकांची मागणी स्वाभाविक असली, तरी तिचा अर्थ नीट उकलावा लागतो. आगीतून वाचलेली दगडी भिंत प्रथम तपासावी लागते. तापलेल्या दगडावर पाण्याचा मारा झाला की तडे जातात, पापुद्रे सुटतात. वरून धड दिसणारा दगड आतून ठिसूळ झालेला असू शकतो. सांधे चुन्यानेच भरणे इष्ट. कडक सिमेंटमुळे ओल सांध्यांतून बाहेर पडत नाही आणि दगडच झिजू लागतो. चुना मुरण्यास वेळ लागतो, हे कामाची मुदत ठरविताना ध्यानी घेतलेले बरे.

आवाजाचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. हे नाट्यगृह ध्वनिक्षेपक नसलेल्या काळातले. गायकनटाची तान केवळ कंठाच्या बळावर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावी लागे. कठीण, गुळगुळीत भिंती आवाज घुमवितात, तर जाड गाद्या व पडदे तो शोषून घेतात. वातानुकूलनाच्या वाहिन्यांसाठी छत खाली आणले किंवा खुर्च्या बदलल्या, तरी हा मेळ बिघडतो. म्हणून ध्वनितज्ज्ञाचा सल्ला नकाशे पक्के होण्यापूर्वी घ्यावयास हवा.

अग्निसुरक्षेत मात्र जुन्याचा आग्रह धरू नये. वाढलेला विजेचा भार पेलणाऱ्या तारा, धूरसूचक यंत्रे, रंगमंचावर पाण्याचे फवारे, अग्निरोधक पडदे, बाहेर उघडणारी दारे आणि बंब आत येईल एवढी मोकळी वाट, या गोष्टी वास्तूचे रूप न बिघडविता करता येतात. तपासणीची जबाबदारी नेमक्या कर्मचाऱ्यावर सोपविलेली असावी.

ज्या नगरपालिकांच्या ताब्यात अशी जुनी नाट्यगृहे आहेत, त्यांनी वास्तू धडधाकट असतानाच तिच्या मोजमापांचे नकाशे व छायाचित्रे तयार करावीत, आणि त्यांची एक प्रत त्या वास्तूबाहेर ठेवावी.