ऑनलाइन बाजारपेठेतील भावपाड आणि न्याय्य किमतीचा प्रश्न : अहिल्यानगरच्या किरकोळ व्यापाराच्या संदर्भात

प्रस्तावना :
अहिल्यानगरच्या (पूर्वीचे अहमदनगर) कापड बाजारात लग्नाचा बस्ता बांधताना घासाघीस होतेच. परंतु खरेदीभावाखाली विकून शेजाऱ्याचे गिऱ्हाईक तोडणे व्यापारनीतीत बसत नाही. हाच दुकानदार ऑनलाइन मंचावर उतरतो, तेव्हा हे शेजारपण संपुष्टात येते. एकाच वस्तूचे अनेक विक्रेते एका पानावर येतात व मंच त्यांतील एकालाच अग्रस्थान देतो. ही निवड करताना पोहोच खर्चासह किमतीला मोठे वजन असते.

समजा, 500 रुपयांस घेतलेली साडी 700 रुपयांस मांडली. कमिशन, वेष्टन व पाठवणी यांचे 130 आणि परत येणाऱ्या मालाचा भार 30 रुपये धरल्यास हाती 40 रुपये उरतात. प्रतिस्पर्ध्याने 660 रुपये लावले आणि आपणही तेवढेच लावले, तर जवळजवळ काहीच उरत नाही.

कायद्याची भूमिका :
येथे व्यापाऱ्याची न्यायबुद्धी आणि कायदा यांची फारकत होते. स्पर्धा अधिनियम, 2002 च्या कलम 4 नुसार स्पर्धकाला हटविण्याच्या हेतूने खर्चाखाली विकणे आक्षेपार्ह आहे. मात्र विक्रेता बाजारात प्रभुत्व असलेला असेल तरच. हा खर्च सर्वसाधारणपणे सरासरी बदलत्या खर्चावरून ठरतो. म्हणजे दुकानभाडे वा नोकरांचा स्थिर पगार भरून निघाला नाही, तरी किंमत 'खर्चाखाली' ठरेलच असे नाही. लहान विक्रेत्याने तोट्यात विकले, तर हे कलम त्याला लागूच होत नाही. उलट, त्रस्त झालेल्या दहा दुकानदारांनी '680 च्या खाली कोणी विकायचे नाही' असे ठरविले, तर कलम 3(3) नुसार तो करारच स्पर्धेस बाधक असल्याचे गृहीत धरले जाते! ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 मधील अवाजवी किमतीचा निर्बंधही अतिरिक्त नफ्याविरुद्ध आहे. छापील कमाल किरकोळ किमतीला वरची मर्यादा आहे, खालची नाही.

प्रस्तुत लेखिकेच्या मते, लहान विक्रेत्यांतील भावपाडीला कायद्याने हात न लावणे योग्यच आहे; अन्यथा भुर्दंड ग्राहकावर पडेल. खरा प्रश्न मंचाच्या हस्तक्षेपाचा आहे. 1 फेब्रुवारी 2019 पासून अमलात आलेल्या थेट परकीय गुंतवणूक धोरणाने अशा गुंतवणुकीच्या मंचांना विक्री किमतीवर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष प्रभाव टाकण्यास मनाई केली. तरीही मोठ्या सवलती व मर्जीतील विक्रेत्यांना झुकते माप या आक्षेपांवरून जानेवारी 2020 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अॅमेझॉन व फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचे आदेश दिले. तक्रार दिल्लीच्या व्यापारी महासंघाची होती.

जिल्ह्यातील दुकानदाराला एवढे तरी कळावयास हवे की, समोरच्या विक्रेत्याची सवलत त्याच्या स्वतःच्या नफ्यातून गेली की मंचाने अन्य मार्गाने भरून दिली. पहिल्या प्रकारात त्याला खरेदी सुधारून टिकता येईल. दुसऱ्या प्रकारात कितीही काटकसर केली, तरी तो भाव त्याला गाठता येणार नाही. आणि आज ग्राहकाच्या बिलावरून हा फरक ओळखता येत नाही.