कोऱ्या कोपऱ्यातली नोंद

मूर्तिजापुरात तहसील कचेरीजवळच्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानातून रंगीत लेझर प्रिंट काढा आणि तिचा कोरा कोपरा बघा. तो बहुधा कोरा नसतो. साधारण मिलिमीटरभर अंतराने, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढे पिवळे ठिपके पानभर असतात. पांढऱ्यावरचं फिकं पिवळं डोळ्यांना जाणवत नाही. पण पिवळा रंग निळा प्रकाश शोषतो. म्हणून निळ्या एलईडीखाली भिंग धरलं की तेच ठिपके काळे दिसतात!

२००५ साली अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने झेरॉक्स कंपनीच्या डॉक्युकलर यंत्रांचे ठिपके वाचून दाखवले. १५ उभ्या रांगा, ८ आडव्या. उभ्या रांगेत खालून वर १, २, ४, ८, १६, ३२, ६४ अशी किंमत. जिथे ठिपका, तेवढी बेरीज. मिनिटांच्या रांगेत ३२, १६, ८ आणि १ च्या जागी ठिपके असतील, तर मिनिटं ५७. बाकीच्या रांगांत तास, तारीख, महिना, वर्ष आणि यंत्राचा अनुक्रमांक. सगळ्यात वरची आडवी रांग फक्त वाचनातली चूक पकडायला. हीच जाळी पानभर पुन्हा पुन्हा छापलेली असते, त्यामुळे फाटका तुकडाही पुरतो.

१९८०च्या दशकात रंगीत कॉपी यंत्रांवर खोट्या नोटा निघतील, या धास्तीतून हे आलं. गिऱ्हाइकाला मात्र कुणी सांगितलं नाही, आणि मला खटकतं ते हेच.

२०१७ मध्ये अमेरिकेतला एक फुटलेला गोपनीय कागद प्रसिद्ध झाला, तेव्हा जाणकारांनी ठिपक्यांवरून ९ मे, सकाळी ६.२० ही छपाईची वेळ काढली. (कागद फोडणारी कर्मचारी सापडली ती मुख्यतः कार्यालयातल्या संगणकाच्या नोंदींवरून.)

ठिपके यंत्र दाखवतात, माणूस नाही. ज्या दुकानात अख्खा तालुका प्रिंटा काढतो, तिथे माग दुकानाच्या काउंटरपर्यंत येऊन थांबतो. शिवाय यंत्राचं घड्याळ चुकलेलं असेल, तर ठिपकेही चुकीचीच वेळ सांगणार.

काळ्यापांढऱ्या लेझर प्रिंटवर हे पिवळे ठिपके नसतात, इंकजेटवरही सहसा नाहीत. रंगीत लेझर यंत्र घेणार असाल, तर पैसे मोजण्याआधी एक पान काढून निळ्या उजेडात धराच.