निमंत्रण आले, व्हिसाचे काय?

परदेशातील परिषदेचे निमंत्रणपत्र हाती पडले की भवानी पेठेतील व्यापारी कुटुंबात बॅगा भरण्याच्याच गोष्टी सुरू होतात. परंतु निमंत्रण म्हणजे व्हिसा नव्हे.

१८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी ऊर्फ आत्मारामजी महाराजांना आले होते. साध्वाचारामुळे समुद्रप्रवास त्यांना शक्य नव्हता; म्हणून त्यांनी एकोणतीस वर्षांच्या वीरचंद राघवजी गांधींना सिद्ध करून पाठविले. त्या काळी अमेरिकेचा व्हिसा लागत नसे. आडवे आले ते स्वकीय! समुद्र ओलांडल्याबद्दल, परतल्यावर, समाजातील काहींनी त्यांच्याविरुद्ध बहिष्काराची भाषा केली.

आज प्रश्न उलट आहे : हा गृहस्थ परतेल ना? पाहुणा म्हणून जाऊ इच्छिणारा तेथेच राहावयास निघाला आहे, असे अमेरिकेचा कायदा आधी गृहीत धरतो. तसे नाही, हे पटवून देण्याचा भार अर्जदारावर. मुंबईच्या वाणिज्य दूतावासातील मुलाखत काही मिनिटांतच आटोपते. दुकानाची कागदपत्रे, आयकराची विवरणपत्रे सोबत असावीत. ती पाहिली जातीलच असे नाही. आपल्या पेढीची जबाबदारी कोणती, परिषदेत काय करणार, खर्च कोण सोसणार, हे स्वतःच्या तोंडून नीट सांगता आले पाहिजे. आपल्याकडे अर्ज एजंट भरतो आणि शेठजी नुसती सही करतात. घोटाळा बहुधा तेथेच होतो. या कारणाने नकार आल्यास अपील नाही. पुन्हा अर्ज करता येतो, मात्र शुल्क नव्याने भरावे लागते. विमानाचे तिकीट व्हिसानंतरच काढावे.