पुराची उंची कोण सांगणार?

तापी सुमारे ७२४ किलोमीटर वाहते आणि तिच्या खोऱ्याचा जवळजवळ चार पंचमांश भाग महाराष्ट्रात आहे. पाऊस आपल्याकडे पडतो आणि बुडते सुरत. ऑगस्ट २००६ मध्ये तसेच झाले. मग तापीला जास्तीत जास्त केवढा पूर येऊ शकतो? पाणी मोजल्याच्या नोंदी मर्यादित काळाच्याच आहेत. धरण मात्र शतकांतून एखाद्या वेळी येणाऱ्या पुरालाही टिकायला हवे.

नोंद नसली की नदीकाठ वाचावा लागतो. खडकाळ घळईत पूर चढतो तेव्हा लहान ओढ्यांच्या मुखांत पाणी तुंबते, संथ होते आणि बारीक वाळू व गाळ खाली बसतो. दर मोठ्या पुराचा एक थर. सर्वांत वरच्या थराचा माथा म्हणजे पाणी निदान तेथवर आले होते. थरातील कोळशाचे वय कार्बन-१४ पद्धतीने ठरते. उंची, पात्राचा छेद आणि उतार यांवरून प्रवाहाचा अंदाज बांधतात. टेक्सासमधील पेकॉस नदीवर कोकेल व बेकर यांनी १९८२ साली ही पद्धत वापरून दाखवली.

नर्मदा व तापी यांच्या पुरांवर १९९४ साली ‘जिओमॉर्फॉलॉजी’ या नियतकालिकात लेख आला. लेखक चार : पुणे विद्यापीठाचे विश्वास काळे, तसेच लिसा इली, येहुदा एन्झेल आणि व्हिक्टर बेकर. वेगवेगळ्या देशांतल्या माणसांनी हे काम टपालाने का करू नये? कोळशाचा तुकडा पाकिटातून जातो, काठाची उभी कड जात नाही. समोरचा थर तापीचा की ओढ्याच्याच पुराचा, हे कणांचा आकार आणि थराचा कल हात लावून पाहूनच ठरते. वाळवंटी घळईत तयार झालेल्या डोळ्याला एकाच पावसाळ्यात दोनतीनदा चढणारी नदी नवी असते. इथल्या माणसाला ती ठाऊक असते. दोघे एकाच कडेसमोर उभे राहिले की चूक तिथल्या तिथे पकडली जाते. छायाचित्रावर वाद घालून ते होत नाही, असे आम्हाला वाटते.

यात गावकऱ्यालाही जागा आहे. १८७२ साली पांझरेच्या पुराने धुळ्याची मोठी हानी केली; ते पाहिलेले कोणी आज नाही. परंतु अलीकडच्या पुरात पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले, हे काठावरची म्हातारी माणसे बोट ठेवून दाखवतात. मुलांना घेऊन एकदा जावे, ती खूण रंगाने करावी आणि पात्रापासूनची तिची उंची टेपने मोजून वहीत तारखेसह लिहावी.