नावे मराठी, तास इंग्रजी

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरच्या सिंधिया स्कूलमध्ये मुलगा ज्या हाऊसमध्ये राहतो, त्याचे नाव राणोजी, जयाप्पा, महादजी किंवा दौलत असते. लहान मुलांच्या एका हाऊसला तर शिंद्यांच्या सातारा जिल्ह्यातल्या मूळ गावाचे, कण्हेरखेडचे, नाव आहे. वाचणाऱ्या मराठी माणसाचा ऊर भरून येतो आणि मराठी इथे अजून नांदते आहे, असे त्याला वाटून जाते. प्रत्यक्षात शाळेचे माध्यम इंग्रजी आहे आणि वर्गाबाहेर पडले की भोवतालचे सारे शहर हिंदी बोलते. मराठी उरली ती पाटीवर. शाळेला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. या शाळेचा सव्वाशे वर्षांचा इतिहास एक गोष्ट स्वच्छ दाखवतो: भाषेचा नुसता मान राखून भाषा टिकत नाही. तिच्यातून काही शिकवले गेले, तरच ती पुढच्या पिढीच्या कामाची राहते.

शाळा निघाली 1897 साली, माधवराव शिंदे महाराजांच्या पुढाकाराने, ‘सरदार स्कूल’ या नावाने. सरदार-जहागीरदारांची मुले शिकून राज्यकारभाराच्या उपयोगी पडावीत, हा हेतू नावातच होता. किल्ला शिंद्यांकडे परत येऊन तेव्हा जेमतेम दशक लोटले होते. 1858 पासून वर इंग्रजांची फौज होती आणि 1886 साली झाशीच्या बदल्यात त्यांनी किल्ला सोडला. फौज गेली, पण तिच्या बराकी तशाच राहिल्या. 1908 साली शाळा त्यांत येऊन वसली. 1933 साली तिचे रीतसर पब्लिक स्कूल झाले. थिऑसॉफीच्या संस्कारातून आलेले एफ. जी. पियर्स तेव्हा प्राचार्य होते. विलायती पब्लिक स्कूलचा हा साचा या मातीत रुजला. संध्याकाळी सगळी मुले किल्ल्याच्या कडेच्या पायऱ्यांवर पश्चिमेकडे तोंड करून बसतात, प्रार्थना होते, थोडा वेळ कोणी बोलत नाही आणि सूर्य खालच्या शहरापलीकडे उतरतो. ‘अस्ताचल’ नावाचा हा रोजचा परिपाठ कुठल्याही इंग्रजी शाळेकडून उसना घेतलेला नाही. म्हणजे आपले काही राखायचे असे ठरवले, तेव्हा शाळेने ते राखले. मराठीबाबत तसे कोणी ठरवलेच नाही.

का ठरवावे, असे कोणी विचारील, आणि तो प्रश्न रास्त आहे. मराठी ही इथे राज्यकर्त्यांची, लष्करासोबत आलेली भाषा. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले. रयत मात्र ब्रज-बुंदेलीच्या वळणाची हिंदी बोलत होती. तिच्या मुलांवर मराठी लादणे हा अन्यायच ठरला असता, आणि देशभरातून आलेल्या मुलांना एका घराण्याची भाषा शिकवणे हा वेडेपणा. मला हे मान्य आहे. पण लादणे आणि सोडून देणे यांच्यामध्ये तिसरी वाट असते, आणि ती याच शहराने काढून दाखवली आहे.

ती वाट गाण्याच्या शाळांची. गायक कृष्णराव शंकर पंडितांनी 1914 साली शंकर गांधर्व महाविद्यालय काढले. 1918 साली माधवरावांच्या आश्रयाने आणि विष्णु नारायण भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत महाविद्यालय उभे राहिले. राजाभैया पूछवाले पुढे त्याचे प्राचार्य झाले. भातखंड्यांनी संगीताचे शास्त्र मराठीत लिहिले. त्यांच्या क्रमिक पुस्तकातले मूळ मराठी पान डोळ्यांसमोर आणा. वर रागाची माहिती, आरोह-अवरोह, वादी-संवादी, सगळे मराठीत. खाली बंदिश, तिचे शब्द ब्रजातले. शब्दांच्या डोक्यावर स्वर, कोमल स्वराखाली आडवी रेघ, मंद्र स्वराखाली टिंब, समेला फुली आणि खालीला शून्य. एकाच पानावर समजावण्याची भाषा एक आणि गाण्याची दुसरी, आणि दोघींनाही नेमून दिलेले काम. इथे मराठी शोभेची नव्हती. विद्या हवी तर ती भाषा समजून घ्यावी लागत होती. पुढे ही पुस्तके हिंदीत आली, तेव्हा मराठीचे ते काम संपले.

भाषेतून विषय शिकवून ती टिकवण्याचे जगातले सर्वांत बोलके उदाहरण वेल्सचे. 1956 साली उत्तर वेल्समधल्या ऱ्हिल गावी ‘ग्लान क्लुइड’ ही वेल्श-इंग्रजी द्विभाषी माध्यमिक शाळा सुरू झाली, 1962 साली दक्षिणेत ‘ऱ्हिडफेलेन’. नुसती वेल्श भाषा शिकवण्यावर या शाळा थांबल्या नाहीत. इतिहास, भूगोल यांसारखे विषय त्यांनी वेल्शमधून शिकवले. त्यांच्यामागे राजघराणे नव्हते. मागणी पालकांची होती आणि ती स्थानिक शिक्षण मंडळाने उचलून धरली. 1988 च्या कायद्याने वेल्श भाषा शालेय अभ्यासक्रमात सक्तीची झाली, ती या शाळांनी वाट पाडून दिल्यानंतर. त्याच 1956 साली आपल्याकडे ग्वाल्हेर ज्यात होते तो मध्य भारत मध्य प्रदेशात विलीन झाला आणि घटनेत 350-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे ते राज्याला सांगते. अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढण्याचा हक्क कलम 30 ने आधीच दिलेला होता. थोडक्यात, कायद्याची वाट अडलेली नव्हती.

यावर उत्तर येते की वेल्सची गोष्ट वेगळी. ती त्यांची स्वतःची भूमी, ग्वाल्हेरचे मराठी लोक मूठभर. शिवाय 2021 च्या जनगणनेत वेल्श येणाऱ्यांचे प्रमाण 17.8 टक्क्यांवर घसरले, मग शाळांनी काय साधले? आकडा खरा आहे, आणि शाळा एकटी पुरत नाही हेही त्यातून दिसते. पण शाळाच नसती तर काय झाले असते, याचा नमुना आपल्या घरात आहे. ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपूरला 1917 साली जन्मलेले गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे मोठे कवी झाले, त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीचे. एका घराने दोन भाषांना दोन लेखक दिले. घराच्या बळावर हे एक-दोन पिढ्या चालते. पुढे घराला शाळेचा आधार लागतो, आणि तोच मिळाला नाही.

सिंधिया स्कूलने जे करायला घेतले ते चोख केले. मराठी जगवणे हे तिचे काम नव्हते आणि आजही तिच्याकडून तशी अपेक्षा करू नये. ते काम ग्वाल्हेरच्या मराठी समाजाचे आहे. त्यासाठी मोठी शाळा काढायला हवी असेही नाही. संगीताचे शास्त्र किंवा जुन्या कागदांची मोडी, यांपैकी एक विषय आठवड्यातून एकदा मराठीतून शिकवणारा वर्ग पुरे, आणि त्यात हिंदी भाषक मुलांनाही मुक्त प्रवेश असावा. गणेशोत्सवाच्या वर्गणीतला थोडा वाटा दरवर्षी अशा वर्गाच्या शिक्षकासाठी बाजूला काढावा.